शीटमधून ऑनलाइन फॉर्म बनवताना: अ‍ॅड-ऑन कुठला घ्यायचा, कधी घ्यायचा आणि कधी राहू द्यायचा

दहा-वीस लोकांकडून माहिती गोळा करायची असली की बरेचजण काय करतात, एक शीट उघडतात, वर हेडिंगं टाकतात आणि तीच शीट ग्रुपवर टाकून देतात, "आपापली ओळ भरा" म्हणून. मग कोणी दुसऱ्याच्या ओळीवर लिहितं, कोणी मधेच सॉर्ट मारतं, कोणी फोन नंबरच्या रकान्यात "नंतर देतो" लिहून मोकळं होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या शीटचा पार चुथडा झालेला असतो. यावर उपाय म्हणजे शीट आपल्याकडेच ठेवायची आणि लोकांना फक्त फॉर्म द्यायचा. फॉर्म भरला की उत्तरं आपोआप शीटमध्ये येऊन पडतात.

हे करायला काय लागतं आणि अ‍ॅड-ऑन नावाची भानगड (म्हणजे शीटला किंवा फॉर्मला जोडायचा छोटा जादा प्रोग्रॅम) नेमकी कुठे कामाला येते ते इथे एकेक करून सांगतोय. सगळं गूगल शीट्स धरून लिहिलंय, कारण अ‍ॅड-ऑनची खरी गर्दी तिथे आहे. एक्सेल वापरत असाल तर ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये इन्सर्ट टॅबवर फॉर्म्स असा पर्याय असतो, त्याने मायक्रोसॉफ्टचा फॉर्म बनतो आणि उत्तरं त्याच फाइलमध्ये येतात, कल्पना तीच आहे त्यामुळे खालचं बरंचसं तिकडेही लागू पडेल.

आणि एक, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये करा. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅड-ऑनचे मेनू शोधत बसू नका. फॉर्म भरणारे मात्र मोबाइलवरून आरामात भरू शकतात.

आधी शीट, मग फॉर्म

नवीन माणूस थेट फॉर्म उघडतो आणि सुचतील तसे प्रश्न टाकत सुटतो. मी म्हणेन उलटं करा. आधी कागदावर किंवा रिकाम्या शीटमध्ये लिहा की शेवटी मला कुठले रकाने हवेत. समजा एखाद्या कार्यशाळेची नावनोंदणी आहे, तर नाव, ईमेल, फोन, कुठली बॅच, आधी काही अनुभव आहे का, बस. मग प्रत्येक रकान्याला विचारा की हे मी नंतर कशासाठी वापरणारे, मोजणार आहे, सॉर्ट करणार आहे, की नुसतं वाचणार आहे? जे मोजायचंय ते कधीच लिहायला देऊ नका, निवडायला द्या. "सकाळची बॅच" हे लोक सकाळ, सकाळी, मॉर्निंग, स. ९ अशा नाना तऱ्हांनी लिहितात आणि मग मोजणी करताना आपल्या डोळ्यापुढे तारे चमकतात.

कार्यशाळेचं हेच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू.

पायरी १: साधा फॉर्म, अ‍ॅड-ऑनशिवाय

हो, आधी अ‍ॅड-ऑनशिवायच. कारण निम्म्याहून जास्त कामं इथेच संपतात आणि लोक उगाच चार-चार अ‍ॅड-ऑन टाकून बसतात.

नवीन शीट उघडा. वर टूल्स मेनू, त्यात क्रिएट अ न्यू फॉर्म. लगेच दुसऱ्या टॅबमध्ये फॉर्म उघडतो आणि शीटमध्ये खाली फॉर्म रिस्पॉन्सेस नावाचं एक नवं पान तयार होतं, त्याच्या नावाशेजारी फॉर्मचं छोटं चिन्ह दिसतं. झालं, दोघं जोडले गेले. आधीच फॉर्म बनवलेला असेल तर फॉर्मच्या रिस्पॉन्सेस टॅबवर जाऊन लिंक टू शीट्स करायचं, परिणाम तोच.

आता प्रश्न टाका. प्रकार निवडताना थोडं डोकं लावा:

नाव असेल तर शॉर्ट आन्सर. ईमेलसाठी वेगळा प्रश्न टाकायची गरज नाही, सेटिंग्जमध्ये कलेक्ट ईमेल अ‍ॅड्रेसेस आहे, त्यात दोन तऱ्हा असतात, व्हेरिफाइड म्हणजे माणसाला गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं आणि पत्ता आपोआप येतो, आणि दुसरं म्हणजे भरणाऱ्याने स्वतः टाइप करायचा. सगळ्यांकडे गूगल खातं असेलच असं नसेल तर दुसरा घ्या.

फोनसाठी शॉर्ट आन्सर आणि त्यावर रिस्पॉन्स व्हॅलिडेशन लावा. प्रश्नाच्या खाली उजवीकडे तीन टिंबं असतात तिथे ते सापडतं. नंबर, लांबी किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन (उत्तरातली अक्षरं-अंक कुठल्या साच्यात यावेत ते सांगणारा नमुना) असे नियम लावता येतात, आणि नियम मोडला तर काय संदेश दिसावा तेही लिहिता येतं. तो संदेश नीट मराठीत लिहा, "फक्त अंक टाका, मधे जागा किंवा डॅश नको" असा. नुसतं लाल रंगात "चूक" दिसलं की लोक फॉर्म सोडून जातात.

बॅचसाठी ड्रॉपडाउन किंवा मल्टिपल चॉइस. एकापेक्षा जास्त गोष्टी निवडायच्या असतील तरच चेकबॉक्स, आणि इथे एक मोठी गोम आहे जी कोणी सांगत नाही: चेकबॉक्सची सगळी उत्तरं शीटमध्ये एकाच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन येतात. म्हणून पर्यायांच्या नावात स्वल्पविराम अजिबात टाकू नका. "चित्रकला, नवशिके" असा पर्याय ठेवलात तर नंतर स्प्लिट फॉर्म्युला लावून तोडताना त्याचेच दोन तुकडे होतील.

"अनुभव आहे का" यावर हो म्हटलं तरच पुढचे प्रश्न दाखवायचे असतील तर त्याचे वेगळे सेक्शन करा आणि गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर लावा. हे फक्त मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउनलाच चालतं, चेकबॉक्सला तो पर्याय दिसत नाही म्हणून शोधत बसू नका.

फाइल अपलोडचा प्रश्न शक्यतो टाळा. तो टाकला की भरणाऱ्याला गूगलमध्ये लॉगिन करावंच लागतं, आणि फाइली तुमच्या ड्राइव्हमध्ये साठतात, फुकट खात्याला सगळं मिळून १५ जीबी जागा असते, त्यात तुमचे मेल आणि फोटोही आले.

पायरी २: शीटकडे नीट बघा, इथेच जास्त गोंधळ होतो

स्वतःच दोन-तीन खोटी उत्तरं भरून बघा. शीटमध्ये पहिल्या रकान्यात टाइमस्टँप, म्हणजे फॉर्म भरल्याची तारीख-वेळ, येईल. वेळ चुकीची दिसत असेल तर शीटच्या फाइल मेनूत सेटिंग्जमध्ये टाइमझोन बघा, बहुतेक तोच दुसऱ्या कुठल्यातरी देशाचा असतो.

आता दोन-चार गोष्टी लक्षात घ्या, कारण यांच्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

एक, उत्तरांची मूळ प्रत फॉर्ममध्ये असते, शीटमध्ये त्याची नक्कल येते. शीटमधली ओळ उडवली तरी फॉर्ममध्ये ते उत्तर राहतंच, आणि शीटमध्ये कोणाचं नाव दुरुस्त केलं तरी फॉर्मच्या रिपोर्टमध्ये जुनंच दिसणार. ही खरं तर चांगली गोष्ट आहे, शीटचा सत्यानाश झाला तरी फॉर्म अनलिंक करून नव्या शीटला जोडला की सगळी उत्तरं परत येतात.

दोन, प्रत्येक नवं उत्तर आलं की गूगल तिथे नवी ओळ घुसवतं. म्हणून तुम्ही शेजारच्या रकान्यात फॉर्म्युला लिहून खालपर्यंत ओढून ठेवला असेल तर नव्या ओळीत तो नसतो. लोक इथे डोकं आपटून घेतात. उपाय दोन: एकतर हेडिंगच्या ओळीत अ‍ॅरेफॉर्म्युला लिहायचा जो पूर्ण रकान्याला लागू होतो, किंवा, आणि मला हेच जास्त आवडतं, फॉर्म रिस्पॉन्सेसच्या पानाला हातच लावायचा नाही, वेगळं पान घेऊन तिथे क्वेरी किंवा फिल्टर फॉर्म्युल्याने हवं ते ओढायचं. रेंज देताना शेवट उघडा ठेवा, म्हणजे बी२ पासून बी५० असं न लिहिता बी२ पासून बी पर्यंत.

तीन, फॉर्ममध्ये प्रश्नाचं शीर्षक बदललं की शीटमधलं हेडिंगही बदलतं. प्रश्न उडवला तरी जुना रकाना तसाच राहतो. अ‍ॅड-ऑन बऱ्याचदा हेडिंगच्या नावावरूनच रकाना ओळखतात त्यामुळे एकदा सगळं जोडून झालं की "फोन" चं "मोबाइल नंबर" करायचा मोह आवरा.

चार, शून्याने सुरू होणारे नंबर. शीटला वाटतं ही संख्या आहे आणि पुढचं शून्य गिळून टाकतं. तो रकाना आधीच सिलेक्ट करून फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट करून ठेवा.

पायरी ३: आता अ‍ॅड-ऑन

अ‍ॅड-ऑन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बनवलेला छोटा प्रोग्रॅम जो तुमच्या शीटमध्ये किंवा फॉर्ममध्ये येऊन बसतो. शीट्ससाठी गूगलने हे २०१४ मध्ये आणलं, आणि त्यातले बरेचसे अ‍ॅप्स स्क्रिप्ट नावाच्या गूगलच्याच कोड लिहायच्या साधनात लिहिलेले असतात.

नवशिक्यांचा पहिला घोळ इथे होतो: काही अ‍ॅड-ऑन शीटमध्ये बसतात, काही फॉर्ममध्ये. शीटमध्ये बसवायचे तर एक्स्टेन्शन्स मेनू, अ‍ॅड-ऑन्स, गेट अ‍ॅड-ऑन्स. जुन्या व्हिडिओंमध्ये अ‍ॅड-ऑन्स असा वेगळाच मेनू दिसतो, तो आता एक्स्टेन्शन्सच्या पोटात गेलाय. फॉर्ममध्ये बसवायचे तर फॉर्म एडिट करताना वर उजवीकडे तीन टिंबं, त्यात गेट अ‍ॅड-ऑन्स, आणि एकदा बसवला की वर कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह येतं तिथून उघडायचा. शीटमध्ये फॉर्मवाला अ‍ॅड-ऑन शोधून "सापडतच नाही" म्हणणारे बरेच आहेत.

आता कुठली गरज असेल तर काय, ते बघू.

खूप प्रश्न आधीच शीटमध्ये लिहिलेले आहेत आणि त्यांचा फॉर्म करायचाय. समजा परीक्षेचे साठ प्रश्न आहेत, एका रकान्यात प्रश्न, पुढच्या चार रकान्यात पर्याय. हे हाताने कॉपी-पेस्ट करणं म्हणजे शिक्षाच. यासाठी फॉर्म बिल्डर नावाचे किंवा तसलं काम करणारे अ‍ॅड-ऑन आहेत, मार्केटप्लेसमध्ये (म्हणजे हे सगळे प्रोग्रॅम जिथे मिळतात त्या गूगलच्या दुकानात) शोधलं की एकाच धाटणीच्या नावाचे बरेच सापडतील. काम साधारण असं: शीट निवडायची, कुठल्या रकान्यात प्रश्न आणि कुठल्यात पर्याय ते सांगायचं, इम्पोर्ट दाबायचं. पूर्ण साठ एकदम आणू नका, आधी पाच ओळींची छोटी शीट करून आणून बघा. मर्ज केलेले सेल, मधेच रिकामी ओळ, पर्यायाच्या मागे राहिलेली स्पेस, या तिन्ही गोष्टी आधी साफ करा, स्पेस काढायला ट्रिम फॉर्म्युला आहे.

पर्यायांची यादी सारखी बदलते. ड्रॉपडाउनमध्ये शंभर नावं आहेत आणि दर आठवड्याला त्यात भर पडते. इथे फॉर्मरेंजर. हा फॉर्ममध्ये बसतो. यादी शीटच्या एका रकान्यात ठेवायची, वर हेडिंग, खाली नावं. मग फॉर्ममध्ये तो प्रश्न आधीच बनवलेला असला पाहिजे, मल्टिपल चॉइस, चेकबॉक्स, ड्रॉपडाउन किंवा ग्रिड यापैकी. फॉर्मरेंजर सुरू केला की उजवीकडे पट्टीत तुमचे प्रश्न दिसतात, हव्या त्या प्रश्नापुढे टिक करा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करून शीट, पान आणि रकाना निवडा, यादीला नाव द्या, सेव्ह. शेवटी ऑटो-रीपॉप्युलेट असतं त्यात दोन बटणं, दर तासाला आणि फॉर्म सबमिट झाल्यावर. ती चालू केली नाहीत तर यादी फक्त एकदाच भरली जाते आणि मग लोक म्हणतात अ‍ॅड-ऑन चालत नाही.

बॅच भरली की पर्याय गायब व्हायला हवा. नावनोंदणीतलं हे सगळ्यात जास्त विचारलं जाणारं काम, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यासाठी चॉइस एलिमिनेटर नावाचे तयार अ‍ॅड-ऑन आहेत, ते वापरू शकता, पण फॉर्मरेंजर आधीच घेतला असेल तर दुसऱ्याची गरज नाही, दोन-तीन फॉर्म्युल्यात होतं.

शीटमध्ये "बॅच" नावाचं नवं पान घ्या. ए रकान्यात बॅचची नावं, बी मध्ये एकूण जागा. सी मध्ये काउंटइफ लावा, तो उत्तरांच्या पानावरचा बॅचचा रकाना बघून मोजेल की ए मधलं नाव किती वेळा आलंय. डी मध्ये बी वजा सी, म्हणजे उरलेल्या जागा. आणि एफ मध्ये, वर हेडिंग "उपलब्ध बॅच" देऊन, खाली एकच फिल्टर फॉर्म्युला: ए मधली तीच नावं दाखव ज्यांच्यापुढे डी शून्याहून जास्त आहे. फॉर्मरेंजरला हा एफ रकाना द्या आणि सबमिट झाल्यावर भरायला सांगा. एखादी बॅच भरली की ती एफ मधून जाते आणि थोड्याच वेळात फॉर्ममधूनही जाते.

सगळ्याच भरल्या तर फिल्टरला दाखवायला काही उरत नाही आणि तो एरर देतो, मग तीच एरर फॉर्ममध्ये पर्याय म्हणून झळकेल. म्हणून त्याला इफएरर फॉर्म्युल्यात (एरर आली तर तिच्या जागी आपला मजकूर दाखवणारा) गुंडाळा आणि "सर्व बॅच भरल्या, प्रतीक्षा यादीत नाव टाका" असा मजकूर द्या.

आता काहींना हौस असते की पर्यायातच "सकाळची बॅच (३ जागा शिल्लक)" असं दिसावं. दिसायला झकास आहे, पण मग प्रत्येक उत्तरात मजकूर वेगळा येतो, ३ जागा, २ जागा, १ जागा, आणि काउंटइफला "सकाळची बॅच" एकदाही सापडत नाही, मोजणी शून्यावर अडकते आणि बॅच कधी भरतच नाही. करायचंच असेल तर काउंटइफमध्ये नावानंतर तारांकन जोडा, म्हणजे पुढे काहीही असलं तरी ते मोजेल. मी तरी करणार नाही.

आणखी एक मर्यादा आहे ती मान्य करून चाला. दोन माणसांनी एकाच वेळी फॉर्म उघडून ठेवला असेल आणि जागा एकच असेल तर दोघांनाही ती दिसत राहते आणि दोघंही भरू शकतात. या पद्धतीत हे शंभर टक्के थांबवता येत नाही. जागा वीस असतील तर शीटमध्ये अठरा लिहा, वरच्या दोन हाताशी ठेवा.

ठरावीक संख्येला किंवा तारखेला फॉर्म बंद करायचाय. फॉर्मलिमिटर, तो फॉर्ममध्ये बसतो. तारीख-वेळ, उत्तरांची संख्या, किंवा शीटमधल्या एखाद्या सेलची किंमत, तिन्हीपैकी काहीही देता येतं. तिसरा प्रकार भारी आहे कारण सेलमध्ये तुम्ही हवं ते गणित करू शकता. बंद झाल्यावर दिसणारा संदेश रिकामा ठेवू नका, पुढे कोणाशी बोलायचं ते त्यात लिहा.

भरणाऱ्याला पावती किंवा प्रमाणपत्र पाठवायचंय. यासाठी ऑटोक्रॅट, हा शीटमध्ये बसतो. गूगल डॉक्समध्ये एक नमुना बनवायचा आणि जिथे नाव यायला हवं तिथे दुहेरी कोनी कंसात शीटमधल्या रकान्याचं हेडिंग लिहायचं. ऑटोक्रॅट प्रत्येक ओळीसाठी ती जागा भरून पीडीएफ बनवतो आणि मेल करतो. रन ऑन फॉर्म ट्रिगर (ट्रिगर म्हणजे अमुक घडलं की काम आपोआप सुरू करणारी सोय) चालू केलं की फॉर्म भरल्या भरल्या पावती जाते. मर्यादा लक्षात ठेवा: अ‍ॅप्स स्क्रिप्टमधून साध्या जीमेल खात्याला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतात, संस्थेच्या पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस खात्याला १,५००. दोनशे लोक एका दिवसात नोंदणी करणार असतील तर उरलेल्यांच्या पावत्या अडकणार, तेव्हा हे आधीच ठरवा. नुसतं "तुमची नोंद झाली" इतकंच सांगायचं असेल तर ऑटोक्रॅट कशाला, फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये सेंड रिस्पॉन्डर्स अ कॉपी ऑफ देअर रिस्पॉन्स आहे तेवढं पुरतं.

परवानगी मागतो तेव्हा वाचा हो

अ‍ॅड-ऑन बसवताना एक खिडकी येते आणि तो काय काय मागतोय ते लिहिलेलं असतं. सगळे डोळे झाकून अलाउ दाबतात. हे म्हणजे अनोळखी माणसाला घराची चावी देण्यासारखं आहे, द्यायला हरकत नाही पण कुठल्या खोलीची देतोय ते तरी बघा. "ज्या फाइलमध्ये बसवलाय तेवढीच बघेन" आणि "तुमच्या सगळ्या स्प्रेडशीट बघेन, बदलेन, उडवेन" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पर्याय भरणाऱ्या अ‍ॅड-ऑनला शीट आणि फॉर्मची परवानगी लागणार हे समजण्यासारखं आहे, पण तो तुमचे मेल वाचायची परवानगी मागत असेल तर का, हा प्रश्न पडलाच पाहिजे. गूगल हॅजन्ट व्हेरिफाइड धिस अ‍ॅप असा इशारा आला आणि तो प्रोग्रॅम तुम्ही स्वतः किंवा ओळखीच्या कोणी लिहिलेला नसेल तर तिथूनच मागे फिरा.

मार्केटप्लेसमध्ये निवडताना शेवटचं अपडेट कधीचं, किती जणांनी बसवलंय, आणि एक-दोन तारेवाल्या तक्रारी काय आहेत एवढं तरी बघा. पाच तारेवाल्या प्रतिक्रियांतून फारसं काही कळत नाही. फुकट लिहिलेलं असलं तरी आत महिन्याला अमुक इतकीच उत्तरं फुकट अशी अट बऱ्याचदा असते.

लोकांची खासगी माहिती गोळा करणार असाल तर शक्यतो त्या कामासाठी वेगळं खातं घ्या, म्हणजे अ‍ॅड-ऑनला मिळून मिळून तेवढंच मिळेल. आणि पासवर्ड, कार्ड नंबर असलं काही फॉर्ममध्ये विचारूच नका, गूगल स्वतः प्रत्येक फॉर्मच्या तळाशी लिहितं की पासवर्ड देऊ नका.

पायरी ४: प्रत्येकासाठी आधीच भरलेली लिंक

याला अ‍ॅड-ऑन लागत नाही पण शीटची खरी मजा इथे आहे म्हणून सांगतोच. तुमच्याकडे लोकांची नावं आधीच शीटमध्ये आहेत आणि प्रत्येकाला अशी लिंक पाठवायची आहे जिच्यात त्याचं नाव आधीच भरलेलं असेल. फॉर्मच्या तीन टिंबांत प्री-फिल फॉर्म आहे. तिथे नावाच्या जागी काहीतरी ओळखू येईल असं लिहा, समजा "कखग", आणि गेट लिंक करा. लिंक शीटमध्ये पेस्ट करून बघितलीत तर शेवटी त्या प्रश्नाचा एक नंबर आणि पुढे बरोबरचं चिन्ह दिसेल, त्यानंतर "कखग" च्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ. घाबरू नका, मराठी अक्षरं लिंकमध्ये अशीच लिहिली जातात. बरोबरच्या चिन्हापर्यंतचा भाग एका सेलमध्ये ठेवा आणि शेजारी फॉर्म्युला लिहा: तो सेल, अँडचं चिन्ह (&), आणि नावाच्या सेलला एनकोडयूआरएल. खाली ओढा, प्रत्येकाची लिंक तयार. एनकोडयूआरएल विसरलात तर मराठी नावं आणि मधल्या स्पेस यांचा लिंकमध्ये विचका होतो.

भरणारा माणूस नाव बदलू शकतो, ते कुलूपबंद नसतं हे ध्यानात असू द्या.

पायरी ५: लिंक पाठवायच्या आधी

हल्ली नवीन फॉर्म आधी पब्लिश करावा लागतो, ते बटण दाबल्याशिवाय लिंक कोणाकडे चालत नाही. पब्लिश करताना कोण भरू शकतं ते बघा. संस्थेच्या खात्यातून बनवलेला फॉर्म बऱ्याचदा फक्त संस्थेतल्या लोकांनाच उघडतो आणि बाहेरच्यांना परवानगी नाही असं दिसतं.

पाठवायची ती भरायची लिंक, एडिट करायची नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून कॉपी केलीत तर शेवटी एडिट असलेली लिंक जाते आणि लोक तुम्हाला अ‍ॅक्सेस मागत बसतात. रिस्पॉन्डर लिंक कॉपी करा.

मग इन्कॉग्निटो विंडो (ब्राउझरची खासगी खिडकी, जिथे तुमचं खातं लॉगिन नसतं) उघडून, कुठेही लॉगिन न करता, ती लिंक उघडून स्वतः भरा. मोबाइलवरही एकदा. शीटमध्ये ओळ आली का, बॅचची मोजणी बदलली का, पावती आली का, तिन्ही बघा. लिमिट टू १ रिस्पॉन्स चालू असेल तर लॉगिन मागितलं जाणारच, नको असेल तर ते बंद करा. आणि व्ह्यू रिझल्ट्स समरी बंद आहे ना हे दोनदा बघा, ते चालू राहिलं तर भरणाऱ्याला बाकीच्यांची उत्तरं दिसतात. चाचणीची उत्तरं फॉर्ममधूनही आणि शीटमधूनही उडवा, दोन्हीकडून.

काही चालेना झालं तर

अ‍ॅड-ऑनची पट्टी रिकामीच उघडते किंवा परवानगीचा एरर येतो: बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये दोन-तीन गूगल खाती एकदम लॉगिन असतात. इन्कॉग्निटोमध्ये किंवा वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये एकाच खात्याने उघडा, दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात म्हटलं तरी चालेल.

कालपर्यंत चालत होतं आज बंद: ज्याने बसवला त्याच्या नावावर ट्रिगर चालतो. त्या माणसाचं खातं बंद झालं, किंवा त्याने परवानगी काढली, की सगळं शांत. ग्रुपमध्ये काम करत असाल तर अ‍ॅड-ऑन कोणाच्या खात्यावर बसवलाय ते शीटच्या एका पानावर लिहून ठेवा, आणि दोघांनी एकच काम बसवू नका, नाहीतर प्रत्येकाला दोन-दोन पावत्या जातात.

उत्तरांचं पान उडतच नाही: फॉर्म जोडलेला असताना ते उडवता येत नाही, आधी टूल्स, मॅनेज फॉर्म, अनलिंक फॉर्म.

पुढच्या वेळी हेच परत वापरायचंय: शीटची कॉपी केली की जोडलेल्या फॉर्मचीही कॉपी होते, पण अ‍ॅड-ऑनची सेटिंग्ज आणि ट्रिगर सोबत येतील असं धरून चालू नका, ती उघडून परत बसवा आणि एक चाचणी उत्तर भरा.

आणि कधी अ‍ॅड-ऑन अगदीच तोकडा पडला तर एक्स्टेन्शन्समध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट आहे. दहा-पंधरा ओळींत शीटमधून प्रश्न वाचून फॉर्म बनवता येतो, आणि ती स्क्रिप्ट तुमची स्वतःची असल्यामुळे बाहेरच्या कोणाला परवानगी द्यावी लागत नाही. पण हे नवीन असताना करायला जाऊ नका, आधी वरचं सगळं हाताखालून जाऊ दे.

काम संपल्यावर आवरायचं कसं

नोंदणी संपली की फॉर्म उत्तरं घेणं बंद करा, नाहीतर महिन्याभराने कोणीतरी जुनी लिंक शोधून भरतं आणि वाट बघत बसतं. शीटची एक प्रत काढून ठेवा. मग अ‍ॅड-ऑनमधले ट्रिगर बंद करा, एक्स्टेन्शन्स, अ‍ॅड-ऑन्स, मॅनेज अ‍ॅड-ऑन्समधून तो काढा, आणि एवढ्यावर थांबू नका, अ‍ॅड-ऑन काढला म्हणजे दिलेली परवानगी गेलीच असं नाही. गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर तुमच्या खात्याशी जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी असते, तिथे जाऊन त्याचा अ‍ॅक्सेस काढा. त्या यादीत कधीकाळी परवानगी दिलेली आणखी चार-पाच नावं सापडतील, तीही तेवढ्यात उडवून टाका.